वलयांकित कलावंत : लंडनमधील ‘तरुण ब्रिटिश कलावंत’ आणि व्यक्तिप्रतिमेची घडण (१९८८–२००८)

प्रस्तावना :

कलाकृती आधी, कलावंत नंतर आणि कलावंताचे चरित्र सर्वांत शेवटी, असा एक क्रम कलेच्या इतिहासलेखनात दीर्घकाळ गृहीत धरला गेला. वस्तुतः हा क्रम कधीच फारसा काटेकोर नव्हता. जॉर्जो वासारीने इटालियन कलावंतांची चरित्रे १५५० मध्ये प्रसिद्ध केली तेव्हापासूनच कलावंताच्या आयुष्याच्या कथा त्याच्या चित्रांना चिकटत आल्या आहेत. तथापि विसाव्या शतकाच्या अखेरच्या दशकात लंडनमध्ये हा क्रम उघडउघड उलटला. विद्यार्थिदशेतील किंवा नुकत्याच पदवीधर झालेल्या काही तरुणांनी कलाकृतींइतक्याच जाणीवपूर्वक स्वतःची सार्वजनिक प्रतिमा घडवली आणि अनेकांच्या बाबतीत लोकांना आधी नाव व चेहरा माहीत झाला, काम मागाहून. ‘यंग ब्रिटिश आर्टिस्ट्स’ या नावाने ओळखला जाणारा हा गट समकालीन कलेच्या अभ्यासात आता एक प्रस्थापित प्रकरण झाला आहे.

या कलावंतांच्या प्रसिद्धीकडे पाहण्याच्या दोन सोप्या वाटा आहेत. एक म्हणजे तिला निव्वळ प्रसिद्धिलोलुपता म्हणून निकालात काढणे. दुसरी म्हणजे तिला प्रतिभेचे नैसर्गिक फळ मानणे. दोन्ही वाटांनी इतिहास हाती लागत नाही. व्यक्तिप्रतिमा घडवणे हे एक प्रकारचे काम होते, त्यासाठी विशिष्ट संस्थात्मक परिस्थिती आवश्यक होती, आणि त्या कामाची किंमत सर्वांना सारखी मोजावी लागली नाही, असे प्रस्तुत लेखाचे प्रतिपादन आहे.

पूर्वपरंपरा :

कलावंताने स्वतःला प्रेक्षणीय करणे ही १९८८ नंतरची गोष्ट नव्हे. जेम्स व्हिस्लरने समीक्षक जॉन रस्किनविरुद्ध अब्रुनुकसानीचा दावा लावला आणि १८७८ मध्ये तो जिंकला. भरपाई मिळाली ती एक फार्दिंग, म्हणजे तेथील सर्वांत लहान नाण्यांपैकी एक. पुढच्याच वर्षी त्याचे दिवाळे निघाले, पण त्याच्या नावाभोवतीचे वलय वाढले. साल्वादोर दालीच्या मिशा त्याच्या चित्रांइतक्याच परिचित झाल्या. अमेरिकेत ‘लाइफ’ साप्ताहिकाने ऑगस्ट १९४९ मध्ये जॅक्सन पोलॉकवर सचित्र लेख छापला आणि एका अमूर्त चित्रकाराचा चेहरा घरोघर पोहोचला. अँडी वॉरहॉलने तर प्रसिद्धी हाच आपल्या कलेचा विषय केला. ब्रिटनपुरते पाहिल्यास, १९६२ मध्ये रॉयल कॉलेज ऑफ आर्टचे सुवर्णपदक घेण्यास सोनेरी जाकीट घालून गेलेला डेव्हिड हॉकनी, आणि १९६० च्या दशकाच्या अखेरीपासून ठरावीक सुटाबुटात वावरून स्वतःलाच ‘जिवंत शिल्प’ म्हणवणारे गिल्बर्ट आणि जॉर्ज, ही उदाहरणे पुरेशी बोलकी आहेत.

या परंपरेत गोव्याच्या साळगावात १९२४ साली जन्मलेल्या फ्रान्सिस न्यूटन सूझाचे स्थान महत्त्वाचे असूनही ब्रिटिश कलेतिहासात ते बराच काळ दुर्लक्षित राहिले. मुंबईच्या जे. जे. स्कूलमधून काढून टाकलेला आणि १९४७ मध्ये प्रोग्रेसिव्ह आर्टिस्ट्स ग्रुपच्या स्थापनेत पुढाकार घेणारा हा चित्रकार १९४९ मध्ये लंडनला गेला. काही वर्षे हलाखीत काढल्यानंतर १९५५ मध्ये त्याला एकदम नाव मिळाले. त्याच वर्षी ‘एन्काउंटर’ या नियतकालिकात त्याचा आत्मचरित्रात्मक निबंध प्रसिद्ध झाला आणि गॅलरी वनमध्ये त्याचे प्रदर्शन भरले. स्वतःच्या बालपणाचे, आजारपणाचे, धर्माशी असलेल्या भांडणाचे बेधडक कथन आणि त्यासोबत चित्रांची विक्री, हा मेळ ट्रेसी एमिनच्या चाळीस वर्षे आधीचा आहे. फरक असा, की सूझाच्या पाठीशी एक नियतकालिक आणि एक लहान गॅलरी होती. एमिनच्या पिढीपाशी जाहिरातक्षेत्रातला संग्राहक, दूरचित्रवाणी वाहिनी आणि टॅब्लॉइड वृत्तपत्रे होती.

महाविद्यालय, गोदी आणि एक प्रदर्शन :

दक्षिण-पूर्व लंडनमधील गोल्डस्मिथ्स महाविद्यालयाच्या कलाविभागात चित्रकला, शिल्पकला, मुद्राचित्रण अशी विभागणी मोडीत काढण्यात आली होती. विद्यार्थ्याने कोणत्याही माध्यमात काम करावे आणि आपण जे करतो ते का करतो याचे उत्तर शिक्षकांसमोर व सहाध्यायांसमोर द्यावे, अशी तेथील पद्धत. मायकेल क्रेग-मार्टिन हे तेथील प्रभावी शिक्षक. काचेच्या फळीवर पाण्याचा पेला ठेवून त्याला ‘ओकचे झाड’ असे नाव देणारी त्यांची १९७३ ची कृती प्रसिद्ध आहे. वस्तूपेक्षा वस्तूविषयी केलेले विधान निर्णायक ठरू शकते, हा धडा या वर्गातून बाहेर पडलेल्यांनी चांगलाच गिरवला. येथे आणखी एक गोष्ट नोंदवणे आवश्यक आहे. ही पिढी शिकत असताना ब्रिटनमध्ये देशांतर्गत विद्यार्थ्यांकडून पदवीचे शिक्षणशुल्क घेतले जात नव्हते आणि निर्वाहासाठी अनुदान मिळत असे. शुल्काची सुरुवात १९९८ मध्ये झाली. ज्यांना पुढे थॅचरकालीन उद्यमशीलतेची अपत्ये म्हणण्यात आले, ते प्रत्यक्षात सार्वजनिक शिक्षणव्यवस्थेचे लाभार्थी होते. प्रसिद्धीच्या झगमगाटात महाविद्यालयाचा हा वाटा जवळपास पुसला गेला आहे.

१९८८ च्या उन्हाळ्यात या महाविद्यालयाच्या दुसऱ्या वर्षाचा विद्यार्थी डेमियन हर्स्ट याने लंडनच्या सरे डॉक्स भागातील बंदर प्राधिकरणाच्या एका रिकाम्या इमारतीत ‘फ्रीझ’ हे प्रदर्शन भरवले. सारा लुकस, गॅरी ह्यूम, मॅट कॉलिशॉ, मायकेल लँडी, अँगस फेअरहर्स्ट, अन्या गॅलाचिओ, फिओना रे आदी सोळा जणांचा त्यात सहभाग होता. गोद्या बंद पडून ओसाड झालेल्या या परिसराच्या पुनर्विकासाचे काम ज्या महामंडळाकडे होते, त्याच्याकडून आणि एका बांधकाम कंपनीकडून हर्स्टने आर्थिक साहाय्य मिळवले. कलासमीक्षकाची प्रस्तावना असलेली देखणी पुस्तिका छापली गेली. रॉयल अकॅडमीचे नॉर्मन रोझेंथल यांना तो स्वतः मोटारीतून घेऊन आला. विद्यार्थ्यांच्या प्रदर्शनात जे सहसा शेवटी सुचते ते येथे सर्वांत आधी सुचलेले होते : कोण पाहायला येणार, आणि परत जाताना हातात काय घेऊन जाणार.

त्याच वर्षी ऑगस्टमध्ये न्यूयॉर्कमध्ये जाँ-मिशेल बास्किया वयाच्या सत्ताविसाव्या वर्षी मरण पावला. १९८५ मध्ये सूट घालून अनवाणी बसलेला त्याचा फोटो ‘न्यूयॉर्क टाइम्स’च्या रविवारच्या नियतकालिकाच्या मुखपृष्ठावर आला होता आणि आतला लेख तरुण कलावंताच्या बाजारीकरणाविषयी होता. तरुण कलावंताची प्रतिमा बाजाराने घडवली तर काय होते, याचे उदाहरण ताजे होते. लंडनमधील तरुणांनी त्यातून घेतलेला बोध मात्र वेगळा दिसतो. प्रतिमा बाजाराने घडवण्याची वाट त्यांनी पाहिली नाही. ती आपणच घडवली.

संग्राहक आणि वाहिनी :

चार्ल्स साची यांनी भावासह १९७० मध्ये जाहिरातसंस्था स्थापन केली होती आणि १९७९ च्या निवडणुकीतील हुजूर पक्षाची प्रचारमोहीम तिनेच चालवली होती. १९८५ मध्ये त्यांनी उत्तर लंडनमध्ये स्वतःचे कलादालन उघडले. १९९० मध्ये त्यांनी हर्स्टची ‘अ थाउजंड इयर्स’ ही कृती विकत घेतली. काचेच्या पेटीत गाईचे मुंडके, त्यावर वाढणाऱ्या माश्या आणि त्या माश्यांना मारणारे विद्युत्-उपकरण, असे तिचे स्वरूप. पाठोपाठ त्यांच्याच पैशाने १९९१ मध्ये फॉर्मॅल्डिहाइडच्या द्रावणात ठेवलेला शार्क मासा साकारला. या कृतीचा खर्च ५०,००० पौंड. ‘द सन’ने एवढ्या पैशात नुसता मासा मिळाला, सोबत बटाट्याच्या फोडीही नाहीत, अशा अर्थाची खिल्ली उडवली. अशी खिल्ली फुकटची जाहिरात असते, हे जाहिरातक्षेत्रात आयुष्य गेलेल्या संग्राहकाला कोणी सांगण्याची गरज नव्हती. १९९२ पासून साची कलादालनात ‘यंग ब्रिटिश आर्टिस्ट्स’ या नावाने प्रदर्शने भरू लागली. तरुण, ब्रिटिश, कलावंत : नावातील तीनही शब्द कलेच्या शैलीविषयी काहीही सांगत नाहीत, फक्त माणसांविषयी सांगतात. साची स्वतः मात्र मुलाखती टाळत आणि आपल्याच प्रदर्शनांच्या उद्घाटनांना जात नसत.

दुसरा घटक दूरचित्रवाणीचा. १९८४ मध्ये सुरू झालेला टर्नर पुरस्कार पुरस्कर्ती अमेरिकन वित्तसंस्था बुडाल्यामुळे १९९० मध्ये देता आला नाही. १९९१ मध्ये चॅनल फोर वाहिनीने पुरस्कर्तेपद घेतले, रक्कम १०,००० वरून २०,००० पौंड झाली आणि पन्नाशीच्या आतील कलावंतच पात्र राहतील असा नियम आला (हा नियम २०१७ मध्ये उठवण्यात आला). त्या वर्षीचा पुरस्कार मुंबईत जन्मलेल्या अनिश कपूर यांना मिळाला. वयोमर्यादा आणि प्रक्षेपण या दोन गोष्टी एकत्र आल्यावर पुरस्काराचे रूप बदलले : तो कर्तृत्वाचा गौरव राहिला नाही, वार्षिक स्पर्धा झाला. हर्स्टने १९९५ चा पुरस्कार स्वीकारताना आपल्याला शालान्त परीक्षेत कला विषयात मिळालेल्या ‘ई’ श्रेणीचा विनोदाने उल्लेख केला. गोल्डस्मिथ्सची तीन वर्षे या विनोदात कोठेच नव्हती.

हर्स्ट : उद्योजकाची प्रतिमा :

लीड्समध्ये वाढलेल्या हर्स्टने शवागारातील एका मुंडक्याशेजारी हसत असलेला स्वतःचा किशोरवयीन फोटो १९९१ मध्ये कलाकृती म्हणून प्रसिद्ध केला. पुढे त्याने ब्लर या बँडच्या १९९५ मधील गाण्याचा व्हिडिओ दिग्दर्शित केला, १९९८ च्या फुटबॉल विश्वचषकासाठी ‘फॅट लेस’ नावाच्या चमूत भाग घेतला, आणि त्याच वर्षी नॉटिंग हिल भागात ‘फार्मसी’ हे उपाहारगृह सुरू होण्यात भागीदारी केली. औषधविक्रेत्यांच्या व्यावसायिक संस्थेने या नावाला हरकत घेतली, ही बातमीही वृत्तपत्रांना पुरली. उपाहारगृह २००३ मध्ये बंद पडले. परंतु त्यातील सामानाचा २००४ मध्ये लिलाव झाला तेव्हा १.१ कोटी पौंडांहून अधिक रक्कम आली. चालत्या धंद्यापेक्षा बंद पडलेल्या धंद्याच्या खुर्च्या आणि पेले अधिक मोलाचे ठरण्याचे हे उदाहरण व्यवस्थापनशास्त्राच्या अभ्यासकांनीही पाहण्यासारखे आहे. रंगीत ठिपक्यांची त्याची चित्रे बहुतांशी साहाय्यकांनी रंगवलेली, हे त्याने कधी लपवले नाही. हाताची जागा नावाने घेतली होती.

एमिन आणि लुकस : आत्मकथनाची किंमत :

ट्रेसी एमिनचे उदाहरण अधिक गुंतागुंतीचे आहे. १९६३ मध्ये जन्मलेली, मार्गेट या समुद्रकाठच्या गावात वाढलेली, तुर्की-सायप्रिएट वडिलांची ही मुलगी. शाळा लवकर सुटणे, लैंगिक अत्याचार, गर्भपात, दारू हे तिच्या कामाचे उघड विषय. १९९२ च्या सुमारास तिने लोकांना पत्रे पाठवून, दहा पौंड देऊन आपल्या सर्जनशीलतेत गुंतवणूक करण्याचे आवाहन केले. बदल्यात ती पत्रे लिहून पाठवी. गुंतवणूकदारांत जे जॉपलिंग हा तरुण विक्रेता होता. १९९३ मध्ये तिने सारा लुकससह पूर्व लंडनमधील बेथनल ग्रीन रस्त्यावर सहा महिने ‘द शॉप’ चालवले. तेथे हाताने लिहिलेल्या टी-शर्टांबरोबर तळाशी हर्स्टचा चेहरा असलेली रक्षापात्रेही विकली जात. त्याच वर्षी जॉपलिंगच्या नव्या व्हाइट क्यूब गॅलरीत तिचे पहिले एकल प्रदर्शन भरले आणि त्याला तिने ‘माझे महत्त्वाचे सिंहावलोकन’ अशा अर्थाचे नाव दिले. वय तीस.

१९९७ च्या टर्नर पुरस्कारानंतर चॅनल फोरवर झालेल्या थेट चर्चेत ती नशेत बोलली आणि मध्येच उठून गेली. त्या रात्रीनंतर कलेशी संबंध नसलेल्यांनाही तिचे नाव ठाऊक झाले. १९९९ मध्ये तिचा अस्ताव्यस्त बिछाना, ‘माय बेड’, टर्नरसाठीच्या प्रदर्शनात मांडला गेला. पुरस्कार त्या वर्षी स्टीव्ह मॅक्वीन यांना मिळाला, परंतु लोकांच्या स्मरणात राहिला तो बिछानाच.

एमिनविषयीचे तत्कालीन वृत्तपत्रीय लेखन वाचताना एक भेद स्पष्ट दिसतो. हर्स्टचे सोहोतील ग्राउचो क्लबमधले दारूचे किस्से कलंदरपणात जमा झाले; एमिनची दारू मात्र तिच्या कामाविषयीचा पुरावा मानली गेली. तिच्या शिवणकामातील चुकीचे शुद्धलेखन अशिक्षितपणाचे लक्षण ठरले. ती मेडस्टोनच्या कलामहाविद्यालयात शिकली, १९८९ मध्ये रॉयल कॉलेज ऑफ आर्टमधून चित्रकलेत एम. ए. झाली आणि पुढे तिने तत्त्वज्ञानाचा अभ्यासक्रमही केला, ही माहिती उपलब्ध असूनही प्रतिमेच्या आड येत असल्यामुळे मागे पडली. अनगड मुलगी ही प्रतिमा तिने स्वतःच वापरली हे खरे. पण ती उतरवून ठेवण्याची मुभा तिला नव्हती. मे २००४ मध्ये मोमार्ट कंपनीच्या गोदामाला आग लागून १०२ नावे शिवलेला तिचा १९९५ चा तंबू जळाला, तेव्हा नुकसानीबद्दल हळहळ कमी आणि थट्टा अधिक झाली. एखाद्या पुरुष चित्रकाराचे गाजलेले चित्र जळाले असते तर असे हसू क्वचितच ऐकू आले असते.

सारा लुकसने याच परिस्थितीला दुसरे उत्तर दिले. छातीवर तळलेली अंडी ठेवून, पाय फाकून खुर्चीत बसलेला तिचा १९९६ चा फोटो सर्वत्र पोहोचला, पण त्यातून तिच्या आयुष्याविषयी काहीच कळत नाही. तिने चेहरा दिला, कथा दिली नाही. कदाचित म्हणूनच टॅब्लॉइडना तिचा तितका उपयोग झाला नाही.

‘सेन्सेशन’ :

सप्टेंबर १९९७ मध्ये लंडनच्या रॉयल अकॅडमीत साची यांच्या संग्रहातील ४२ कलावंतांच्या ११० कृतींचे ‘सेन्सेशन’ हे प्रदर्शन उघडले. बालहत्यांच्या खटल्यात शिक्षा झालेल्या मायरा हिंडलीचे, लहान मुलाच्या हाताच्या ठशांनी मार्कस हार्वेने घडवलेले चित्र वादाचे केंद्र ठरले. त्यावर शाई आणि अंडी फेकण्यात आली, अकॅडमीच्या काही सदस्यांनी राजीनामे दिले, आणि सुमारे तीन लाख प्रेक्षक येऊन गेले. १९९९ मध्ये हेच प्रदर्शन न्यूयॉर्कच्या ब्रुकलिन संग्रहालयात गेले तेव्हा ख्रिस ओफिलीच्या मेरीमातेच्या चित्रावरून महापौर जुलियानी यांनी संग्रहालयाचे अनुदान रोखण्याचा प्रयत्न केला. न्यायालयाने संग्रहालयाच्या बाजूने निकाल दिला. एका खाजगी संग्राहकाचा माल सार्वजनिक प्रतिष्ठेच्या दालनात मांडल्याने त्याचे बाजारमूल्य वाढते, हा मुद्दा त्या गदारोळात उपस्थित झाला खरा, पण धर्म आणि अश्लीलता यांच्यापुढे तो टिकला नाही. वस्तुतः कलेच्या अर्थकारणाच्या दृष्टीने तोच सर्वांत गंभीर होता. ज्युलियन स्टॅलब्रास यांनी १९९९ मधील आपल्या पुस्तकात या कलेवर डावीकडून टीका केली. बिली चाइल्डिश व चार्ल्स थॉमसन यांनी त्याच वर्षी स्थापलेल्या ‘स्टकिस्ट’ गटाने चित्रकलेच्या बाजूने. या गटाचे नावच एमिनने चाइल्डिशला पूर्वी मारलेल्या टोमण्यावरून आलेले. विरोधकांनाही नाव मिळाले ते तिच्याकडूनच.

याच पिढीतील मायकेल लँडीने फेब्रुवारी २००१ मध्ये ऑक्सफर्ड स्ट्रीटवरील बंद पडलेल्या एका मोठ्या कपड्यांच्या दुकानात आपल्या मालकीच्या सर्व ७,२२७ वस्तूंची यादी करून दोन आठवड्यांत त्या यंत्राने मोडून टाकल्या. त्यात त्याची मोटार, कपडे, प्रेमपत्रे आणि इतर कलावंतांनी भेट दिलेल्या कृतीही होत्या. विकण्यासाठी मागे काही उरले नाही. ‘फ्रीझ’मधील सोळांपैकी हाही एक होता, हे विसरले जाते.

लिलाव आणि तारखेचा प्रश्न :

१५ व १६ सप्टेंबर २००८ रोजी हर्स्टने गॅलऱ्यांना वगळून आपल्या २२३ नव्या कृती थेट सदबीच्या लंडनमधील लिलावात मांडल्या. एकूण विक्री सुमारे ११.१ कोटी पौंड झाली. पहिल्या दिवशीच लेहमन ब्रदर्स या अमेरिकन बँकेने दिवाळखोरीचा अर्ज दाखल केला होता. त्यानंतर त्याच्या कृतींचा बाजार लक्षणीयरीत्या खाली आला. २००९ मध्ये त्याने स्वतःच्या हाताने रंगवलेली चित्रे वॉलेस कलेक्शनमध्ये मांडली, तेव्हा बहुतेक समीक्षकांनी ती धुडकावली. इतकी वर्षे हात कोठे आहे असे विचारणाऱ्यांना हात दिसला आणि तो आवडला नाही. एमिनचा प्रवास याउलट झाला. २००७ मध्ये ती व्हेनिसमध्ये ब्रिटनची प्रतिनिधी होती, २०११ मध्ये रॉयल अकॅडमीत रेखाटनाची प्राध्यापक झाली, २०१४ मध्ये ‘माय बेड’ २५ लाखांहून अधिक पौंडांना विकला गेला, आणि २०२४ मध्ये तिला ‘डेम’ हा किताब मिळाला.

त्याच वर्षी, २०२४ मध्ये, ‘गार्डियन’ने हर्स्टविषयी एक वृत्त दिले. १९९० च्या दशकातील म्हणून दाखवल्या गेलेल्या, द्रावणात जतन केलेल्या प्राण्यांच्या काही कृती प्रत्यक्षात २०१७ मध्ये त्याच्या कर्मचाऱ्यांनी तयार केल्या होत्या. त्यांत लास व्हेगासमधील एका हॉटेलात ठेवलेला, तीन भागांत कापलेला शार्कही होता. हर्स्टच्या कंपनीचे उत्तर असे, की संकल्पनात्मक कलेत कृतीला दिलेले साल हे कल्पना सुचल्याचे असते. गोल्डस्मिथ्सच्या वर्गातील तर्काशी हे उत्तर सुसंगत आहे. विधानाला वस्तूपेक्षा अधिक वजन आहे. पण बाजारात किंमत होती ती तिशीतल्या हर्स्टच्या कामाला, आणि साल लिहिले गेले तेही त्याच काळातले. त्या शार्कच्या कृतीवर साल होते १९९९, तेव्हा हर्स्ट चौतीस वर्षांचा होता. ती प्रत्यक्ष तयार झाली तेव्हा त्याला बावन्नावे लागले होते किंवा ते पूर्ण झाले होते.